खोलीबाहेर न पडलेला रुग्ण

जानेवारी १९७० मध्ये त्या वेळच्या पश्चिम जर्मनीतील मेशेडे या गावच्या रुग्णालयात तापाने आजारी असलेला एक तरुण दाखल झाला. तो नुकताच पाकिस्तानातून परतला होता. डॉक्टरांना प्रथम विषमज्वराची शंका आली. म्हणून त्याला खालच्या मजल्यावरील एका स्वतंत्र खोलीत ठेवण्यात आले आणि खोलीबाहेर पडण्यास मनाई करण्यात आली. काही दिवसांनी त्याच्या अंगावर पुरळ उठला. पुरळातील द्रव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यात देवीचे विषाणू दिसले. निदान होताच त्याला तेथून हलवण्यात आले.

देवीचा रोग तुमच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. पण तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर देवी टोचल्याची गोल खूण अजून असेल. ती पाहिलीत म्हणजे या रोगाची लोकांना किती धास्ती होती याची कल्पना येईल.

मेशेडेचा तो रुग्ण त्या रुग्णालयात जेमतेम काही दिवस होता. तरीही पुढच्या काही आठवड्यांत आणखी १९ जणांना देवी झाल्या आणि त्यांतील ४ जण दगावले. आश्चर्य असे, की बाधा झालेल्यांपैकी कित्येक जण वरच्या मजल्यांवरचे होते. त्यांनी त्या रुग्णाला पाहिलेही नव्हते. त्याची भांडी, त्याचे कपडे, त्याचा हात, कशालाही त्यांचा स्पर्श झाला नव्हता. एक जण तर कोणाला तरी भेटायला आलेला पाहुणा होता. तो इमारतीत फार तर पंधरा मिनिटे थांबला असेल.

रुग्ण खोलीबाहेर पडला नाही. मग रोग खोलीबाहेर कसा पडला?

धुराने दाखवलेली वाट

तपास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. रुग्ण ज्या खोलीत होता त्याच खोलीत त्यांनी धूर सोडला आणि तो कोठे जातो हे पाहत राहिले. खोलीचे दार उघडले की धूर बाहेरच्या मार्गिकेत येई आणि तेथून जिन्याच्या वाटेने वरच्या मजल्यांवर चढे. खिडकी थोडी उघडी ठेवली की धूर तिच्यातून बाहेर पडे, भिंतीला लगटून वर जाई आणि वरच्या खोल्यांच्या किलकिल्या खिडक्यांतून आत शिरे. धूर ज्या भागांत पोहोचत होता, त्याच भागांत देवीचे रुग्ण आढळले होते.

म्हणजे रोग हवेतून गेला होता. हे एकदा मान्य केले, की तीन प्रश्न उभे राहतात. रोगजंतू हवेत तरंगतात कसे? हवा त्यांना वर का घेऊन गेली? आणि अशी बाधा टाळायची कशी? तिन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहेत.

थेंब पडतो, कण तरंगतो

सकाळी बंद खोलीत फटीतून उन्हाचा कवडसा आला की त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. दगड सोडला की तो खाली पडतो, मग हे कण का पडत नाहीत? खरे तर तेही पडतच असतात, पण अतिशय सावकाश. हवेतून पडणाऱ्या वस्तूला हवा विरोध करते. वस्तू लहान असेल तर तिच्या वजनाच्या मानाने हा विरोध मोठा ठरतो. लवकरच वजन आणि विरोध यांची बरोबरी होते आणि त्यानंतर कण एकाच ठरावीक वेगाने खाली येत राहतो. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे स्टोक्सच्या नियमावरून निघते. व्यास दहापट लहान झाला की पडण्याचा वेग शंभरपट कमी होतो.

आता आकडे घालून पाहू. मीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. समजा, उभा माणूस खोकला आणि पाण्याचे निरनिराळ्या आकारांचे थेंब जमिनीपासून दीड मीटर उंचीवर हवेत आले. हवा अगदी स्थिर असेल, तर १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब सुमारे ६ सेकंदांत जमिनीवर येईल. १० मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे ८ मिनिटे लागतील. १ मायक्रॉनच्या कणाला मात्र बारा तासांच्या आसपास लागतील! आणि खोलीतली हवा कधीच इतकी स्थिर नसते. माणसे चालतात, दारे उघडतात, पंखा फिरतो. बारा तासांत खाली येऊ पाहणाऱ्या कणाला असा प्रत्येक झोत पुन्हा वर उचलतो.

यात आणखी एक गोष्ट घडते. तोंडातून निघालेला थेंब वाटेतच सुकू लागतो. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी १९३४ साली थेंबाचे पडणे आणि थेंबाचे सुकणे यांची शर्यत मांडून दाखवली. मोठा थेंब सुकण्यापूर्वी जमीन गाठतो. लहान थेंब जमीन गाठण्यापूर्वीच सुकतो आणि त्यातील क्षार, श्लेष्मा व जंतू यांचा एक बारीक कण मागे उरतो. हा कण हवेत रेंगाळतो आणि हवा जाईल तिकडे जातो. केवळ खोकताना आणि शिंकतानाच असे कण निघतात असे नाही. बोलताना, गाताना आणि नुसता श्वास सोडतानाही ते निघत असतात.

मेशेडेच्या रुग्णाला खोकला होता आणि दिवस कडक थंडीचे होते. थंडीचा येथे काय संबंध? शून्य अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४.८ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, तर २० अंशांना सुमारे १७.३ ग्रॅम. बाहेरची बर्फगार हवा आत आली आणि तापवून २० अंशांवर नेली, तर तिच्यात वाफ तेवढीच राहते, पण मावण्याची जागा वाढते. तिची सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा कोरड्या हवेत थेंब झटपट सुकतात आणि तरंगणाऱ्या कणांची संख्या वाढते.

इमारत झाली धुराडे

आता दुसरा प्रश्न. हवा वर का गेली? चुलीवरचे धुराडे कसे काम करते हे तुम्हांला ठाऊक आहे. गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी असते, म्हणून ती वर चढते आणि खालून थंड हवा आत ओढली जाते. थंडीत तापवलेली बहुमजली इमारत म्हणजे एक मोठे धुराडेच असते. जिना हे त्याचे नळकांडे.

शून्य अंशाला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२९ किलोग्रॅम असते, तर २० अंशांना सुमारे १.२० किलोग्रॅम. फरक ०.०९ किलोग्रॅमचा. इमारतीची उंची १० मीटर धरली, तर आतल्या व बाहेरच्या हवेच्या स्तंभांमुळे पडणारा दाबातील फरक ०.०९ × ९.८ × १०, म्हणजे सुमारे ९ पास्कल येतो. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलपेक्षा थोडा जास्त असतो. त्याच्या तुलनेत ९ पास्कल म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या दारावर हा फरक ९ न्यूटन बल लावतो. सुमारे ९०० ग्रॅमचे वजन दार ढकलत असल्यासारखेच हे झाले. हवेसारख्या हलक्या पदार्थाला हलवण्यास तो भरपूर आहे, आणि तो रात्रंदिवस चालू राहतो.

म्हणून दार उघडताच खोलीतली हवा मार्गिकेत आणि तेथून जिन्याने वर ओढली गेली. दार बंद असतानाही खिडकीच्या वरच्या भागातून उबदार हवा बाहेर पडत होती आणि भिंतीच्या कडेने चढत होती. दार लोटून घेतले म्हणजे रुग्ण वेगळा झाला, असे समजणे त्या इमारतीतील माणसांना महागात पडले.

छपरावरचे गिनीपिग

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात हे सिद्ध करण्यासाठी वेल्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायली यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे असाच निर्णायक प्रयोग केला. माजी सैनिकांच्या रुग्णालयात क्षयरुग्णांच्या सहा खोल्यांतील हवा नळांवाटे छपरावर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात हवेखेरीज दुसरा कोणताही संबंध नव्हता. दोन वर्षांत ७१ गिनीपिगांना क्षयाची बाधा झाली. म्हणजे सरासरी दर दहा दिवसांना एकाला.

पुढे त्यांनी तीच हवा दोन गटांना दिली. एका गटाकडे जाणाऱ्या नळात अतिनील किरणांचे दिवे लावले, दुसऱ्या गटाला हवा जशीच्या तशी दिली. दिव्यांखालून आलेली हवा घेणाऱ्या गटातील एकाही प्राण्याला बाधा झाली नाही. प्रयोग कसा आखावा याचा हा सुंदर नमुना आहे. एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे.

आपल्या देशाला या प्रयोगाचे महत्त्व फार आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात आहे. उपचार सुरू होण्याआधी असा रुग्ण दवाखान्याच्या बाकावर इतरांशेजारी बसून आपल्या पाळीची वाट पाहत असतो. त्याच बाकावर कडेवर तान्हे मूल घेतलेली आईही असते.

शाईच्या पाण्याची बादली

आता तिसरा प्रश्न, उपायाचा. हवेतील कण कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुनी हवा काढून नवी आत घेणे. याला वायुवीजन म्हणतात. खोलीच्या आकारमानाइतकी ताजी हवा तासाभरात जितक्या वेळा आत येते, तितक्या वेळा हवा बदलली असे म्हणतात.

पण येथे एक मेख आहे. दहा लिटरच्या बादलीत पाणी भरून त्यात शाई मिसळा. मग नळ सोडून बादली भरून वाहू द्या आणि पाणी ढवळत राहा. दहा लिटर नवे पाणी आत आले की सगळी शाई निघून जाईल का? नाही. नवे पाणी जुन्यात मिसळते आणि वाहून जाणाऱ्या पाण्यात नवे पाणीही असते. दहा लिटर पाणी आले तरी सुमारे ३७ टक्के शाई उरते. वीस लिटर आल्यावर सुमारे १३.५ टक्के, तीस लिटर आल्यावर सुमारे ५ टक्के. ९९ टक्के शाई घालवण्यासाठी सुमारे ४६ लिटर पाणी लागते.

खोलीतल्या हवेचेही असेच आहे. रुग्ण खोलीतून गेल्यानंतर तेथील ९९ टक्के कण जाण्यास, हवा ताशी २ वेळा बदलत असेल तर सुमारे २ तास १८ मिनिटे लागतात. ताशी ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटे, आणि १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटे. हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या रुग्णांसाठी बांधलेल्या खोल्यांत ताशी १२ बदलांचा दंडक का ठेवतात, हे यावरून ध्यानात येईल.

यासाठी खिडकी केवढी हवी? हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला येणारी हवा म्हणजे उघड्या भागाचे क्षेत्रफळ गुणिले हवेचा वेग. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या साध्या रुग्णकक्षात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सुचवले. दहा खाटांच्या कक्षाला ६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ०.६ घनमीटर हवा लागेल. खिडकीतून हवा सेकंदाला अर्धा मीटर या मंद वेगाने येत असेल, तर १.२ चौरस मीटर उघडी जागा पुरेल. मात्र तेवढीच जागा समोरच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठीही हवी. एकाच तोंडाच्या बाटलीत फुंकर मारून पाहा, हवा आत शिरत नाही. खोलीचेही तसेच आहे.

जुन्या दवाखान्यांची उंच छते

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांची शुश्रूषा केली आणि पुढे रुग्णालये कशी बांधावीत याविषयी पुष्कळ लिहिले. लांबट कक्ष, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या आणि वर उंच छत, अशी त्यांची मांडणी होती. त्यांचा समज दूषित हवेमुळे रोग होतात असा होता. जंतूंचे शास्त्र तेव्हा पुरते उभे राहिले नव्हते, रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ साली. नाइटिंगेल यांचे कारण अपुरे होते, तरी उपाय बरोबर निघाला.

त्याची मोजणी २००७ साली प्रसिद्ध झाली. पेरू देशातील लिमा शहराच्या आठ रुग्णालयांत शास्त्रज्ञांनी खोल्यांत कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो किती वेगाने कमी होतो हे मोजले. सगळी दारे-खिडक्या उघडल्यावर १९५० पूर्वीच्या, उंच छतांच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हवा ताशी सुमारे ४० वेळा बदलत होती. १९७० ते १९९० या काळातील आधुनिक इमारतींत हा आकडा सुमारे १७ होता. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत तो १२ ठेवलेला होता. तुमच्या गावच्या जुन्या दवाखान्यात किंवा शाळेत दारांवर झरोके असतील, तर ते कोणी पुठ्ठा लावून बुजवले नाहीत ना, हे जरूर पाहा.

पंखा, वातानुकूलन यंत्र आणि वाऱ्याची दिशा

छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. खिडक्या उघड्या असतील तर तो मदत करतो, बंद असतील तर कण खोलीभर सारखे पसरवतो. घरोघरी भिंतीवर बसवतात त्या वातानुकूलन यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे खोलीतलीच हवा आत ओढून, थंड करून पुन्हा खोलीत सोडतात. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझौ येथील एका उपाहारगृहात असेच झाले. शेजारशेजारच्या तीन टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतील १० जणांना कोविडची बाधा झाली. तेथे वातानुकूलन यंत्र तीच हवा फिरवत होते आणि ताजी हवा नावापुरतीच येत होती.

हवा पुरेशी असणे जितके आवश्यक, तितकीच तिची दिशाही महत्त्वाची. हवा नेहमी निरोग्याकडून रुग्णाकडे आणि रुग्णाकडून बाहेर जावी. दवाखान्यात डॉक्टर किंवा परिचारिका हवा येते त्या खिडकीशी बसावी आणि रुग्ण हवा जाते त्या बाजूला. अदलाबदल झाली, तर दिवसभरातील प्रत्येक रुग्णाचा उच्छ्वास त्यांच्याच तोंडावर येतो. हा बदल करण्यास खर्च काहीच नाही, फक्त टेबल सरकवावे लागते.

मेशेडेसारखी चूक टाळण्यासाठी विशेष खोल्यांत बाहेर टाकणारा पंखा लावून आतला दाब मार्गिकेपेक्षा सुमारे २.५ पास्कलने कमी ठेवतात. मग दाराच्या फटीतून हवा आतच येते, बाहेर जात नाही. खोलीतून काढलेली हवा इतर खिडक्यांपासून दूर, छपरावर नेऊन सोडतात किंवा बारीक गाळणीतून गाळतात. उघड्या आकाशात कण विरळ होतात आणि उन्हातील अतिनील किरणांनी जंतूही मरतात.

करून पाहा

१. घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या. थंडीच्या दिवसांत रात्री, खोली उबदार आणि बाहेर गार असताना दार थोडे उघडा. पेटलेली उदबत्ती प्रथम दाराच्या वरच्या टोकाशी आणि मग उंबऱ्याशी धरा. पडदे व कागद दूर ठेवा. वर आणि खाली धूर कोणत्या दिशांना जातो, ते लिहून ठेवा आणि कारण सांगा.

२. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजून आकारमान काढा. खिडक्यांचा उघडणारा भाग चौरस मीटरमध्ये मोजा. हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येते असे धरून, वर्गातील हवा ताशी किती वेळा बदलते ते काढा. मग अर्ध्या खिडक्या बंद केल्या तर उत्तर काय येईल?

३. वर्गात हवा कोणत्या बाजूने येते आणि कोणत्या बाजूने जाते, ते उदबत्तीच्या धुराने शोधा. सर्दी-खोकला झालेल्या मुलाने घरी थांबणे उत्तम, पण तो शाळेत आलाच तर त्याला कोणत्या बाकावर बसवाल?